घाटमाथ्यावरचं पाणी पश्चिमेला

लोणावळ्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसाला समुद्र खरं तर जवळ आहे. कड्याच्या काठावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, आणि त्यापुढे पन्नास-साठ किलोमीटरवर मुंबईचं पाणी. पण हा पाऊस तिकडे जात नाही. सह्याद्रीचा माथा पूर्वेकडे कललेला आहे, आणि इंद्रायणी निघते तीच मुळी कड्याकडे पाठ करून. देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते, पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेत शिरते, आणि हजार किलोमीटरच्या वर चाल करून ते पाणी बंगालच्या उपसागराला लागतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंच आहे. एवढं उतरायला नदीला अख्खं दख्खन ओलांडावं लागतं. पश्चिमेला जवळजवळ तेवढाच उतार एका कड्यात संपतो.

या कड्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही माणसांनी वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मावळातल्या तीन खोऱ्यांचं पाणी दिशा बदलून कोकणात पडू लागलं. त्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच पाण्याखाली मुळशीची भाताची खाचरं गेली. या दोन गोष्टी सांगताना बहुतेक वेळा पहिली उद्योगपतींच्या चरित्रात येते आणि दुसरी सत्याग्रहाच्या इतिहासात. मला त्या वेगळ्या करता येत नाहीत. वीज कशी होते हे नीट समजून घेतलं, तर मुळशी का बुडाली हेही त्यातच कळतं.

आधी मुंबईबद्दल. गेल्या शतकाच्या आरंभी गिरणगावात कापड निघत होतं ते वाफेवर. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं बॉयलर, स्वतःचं इंजिन, स्वतःचं धुराडं. कोळसा यायचा बंगालच्या खाणींतून, काही वेळा समुद्रापलीकडूनही. गिरणी मुंबईत, कापूस वऱ्हाड-खानदेशातला, आणि आग मात्र दोन हजार किलोमीटरवरून आणायची, असा सगळा व्यवहार. परळ-लालबागच्या चाळींत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. कोळशाचा भाव चढला की गिरणीचा नफा उतरायचा.

जमशेटजी टाटा स्वतः गिरणीवाले. कोळशाचं हे ओझं त्यांनी आयुष्यभर सोसलेलं. मुंबईतल्या डेव्हिड गॉसलिंग नावाच्या वास्तुविशारदाने घाटमाथ्यावरच्या पाण्यापासून वीज करता येईल अशी कल्पना मांडली होती, आणि ती जमशेटजींच्या मनात बसली. तोवर हिंदुस्थानात पाण्याची वीज अगदीच अपूर्व राहिली नव्हती. दार्जिलिंगजवळ १८९७ साली एक छोटं केंद्र सुरू झालं होतं. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवसमुद्रमला वीज करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तारेने नेली होती. पण तिथे कावेरीचा धबधबा आयता होता आणि नदी बारमाही. सह्याद्रीत दोन्ही नव्हतं. इथे होता फक्त कडा आणि चार महिन्यांचा पाऊस.

जमशेटजी १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत वारले. योजना कागदावरच होती. थोरले चिरंजीव दोराबजी यांनी ती पुढे रेटली. भांडवलासाठी आधी लंडनकडे पाहिलं गेलं, तिथे जमलं नाही. मग संस्थानिक आणि इथल्याच गुंतवणूकदारांनी पैसा घातला, आणि १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदवली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क या योजनेच्या पाठीशी होते. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनीच लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला बसवली.

खोपोलीत उभं राहून डोंगराकडे मान वर केली, की कड्यावरून सरळ खाली उतरलेले पाइप दिसतात. मुंबई-पुण्याच्या प्रवासात असंख्य लोकांनी ते पाहिलेले आहेत. पहिल्या योजनेचं सगळं मर्म त्या पाइपांत आहे. वर लोणावळा, वळवण आणि शिरवता अशी तीन तळी. त्यांतलं पाणी पाटाने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं आणि तिथून पाइपांत सोडायचं. तळाशी खोपोलीचं वीजघर. उंचीतला फरक सुमारे ५२५ मीटर, म्हणजे सव्वासतराशे फूट.

ही उंची कशासाठी लागते ते एका साध्या हिशोबाने कळतं. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरच्या मध्यम टाकीएवढं, ५२५ मीटर खाली पडलं तर वाटेतली घट धरून त्यातून जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. एवढ्या उंचीवरून पाडूनही एवढीच. हेच हजार लिटर पाणी तीस मीटर उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी चाकावर सोडलं, तर सव्वा युनिटाच्या जागी त्याचा सतरावा-अठरावा हिस्सा हाती येतो. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या आजच्या एखाद्या घरासाठी खोपोलीत ऐंशी हजार लिटर पाणी पडावं लागतं. तीस मीटरच्या धरणावर तेच काम चौदा लाख लिटरचं होईल. म्हणून कड्याचं मोल एवढं. निसर्गाने अर्धा किलोमीटर उंचीचं बांधकाम आयतं करून ठेवलं होतं.

पाइपात भरून उभ्या असलेल्या या पाण्याचा तळाशी दाब येतो तो दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या वर. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटचं भरलेलं पोतं ठेवल्यासारखं. म्हणून पाइप वर पातळ पत्र्याचे आणि खाली येतील तसे जाड. अगदी खाली पाइपाच्या तोंडाला निमुळती तोटी. तिच्यातून पाणी बाहेर पडतं तेव्हा दाबाचा सगळा वेग झालेला असतो, ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे. या धारेत पाणीपणा उरलेलाच नसतो. ती काचेच्या दांड्यासारखी सरळ आणि घट्ट दिसते.

ही धार ज्या चाकावर आदळते त्याला पेल्टन चाक म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात लेस्टर पेल्टन नावाच्या कारागिराने ते घडवलं आणि १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाच्या परिघावर पोलादी वाट्या बसवलेल्या असतात, आणि खरी करामत त्या वाटीत आहे. दोन खोलगट पळ्या शेजारी शेजारी जोडाव्यात आणि मधली कड धारदार ठेवावी, तसा तिचा आकार. धार बरोबर मधल्या कडेवर येते, दुभंगते, दोन्ही बाजूंच्या खोलगटात शिरते, गुळगुळीत वळण घेऊन जवळजवळ उलट्या दिशेने बाहेर पडते. सपाट फळीवर पाणी नुसतं आपटलं असतं तर चहूकडे उडालं असतं आणि निम्मी ताकद वाया गेली असती. इथे ते वळतं, आणि वळताना आपला वेग वाटीला देऊन टाकतं. वाटी धारेच्या साधारण निम्म्या वेगाने पळत असेल तर बाहेर पडणारं पाणी जवळपास थिजलेलं असतं. ताशी तीनशे किलोमीटरने आलेलं पाणी चाकाखालून गळून खाली पडतं, धुणं पिळल्यावर पडावं तसं.

चाकाच्या दांड्यावरच जनित्र. त्यात चुंबक फिरतात आणि भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत प्रवाह खेळू लागतो. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की परळच्या गिरणीत सकाळी माग सुरू झाले की त्याच क्षणी सत्तर किलोमीटरवरचं खोपोलीचं चाक जड होतं. वेटोळ्यांतून जास्त प्रवाह ओढला जातो, तो चुंबकांना मागे खेचतो, चाक मंदावू पाहतं. तेव्हा तोटीतला भाल्याच्या टोकासारखा दांडा मागे सरकतो, धार जाड होते आणि चाक पुन्हा आपल्या चालीवर येतं. उलट, भार अचानक गेला तर पाणी एकदम बंद करता येत नाही. पाइपात अर्ध्या किलोमीटरचा उतार धावत आलेलं पाणी एकाएकी अडलं तर ते घणासारखं उलटं आदळेल आणि पोलादाचा पाइप फाडेल. म्हणून आधी एक पोलादी पडदा धारेच्या आड येतो, धार चाकावरून बाजूला ढकलतो, आणि मग तोटी सावकाश मिटते.

खोपोलीची वीज एक लाख व्होल्टपर्यंत चढवून तारांवर घातली गेली. व्होल्ट वाढवले की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते, आणि तारा तापून होणारी नासाडी घटते. परळला ती पुन्हा उतरवायची आणि गिरण्यांना द्यायची. फेब्रुवारी १९१५ मध्ये, कोनशिलेनंतर चार वर्षांनी, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते ही योजना सुरू झाली. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं, आणि इंद्रायणीच्या उगमावरचं पाणी पहिल्यांदाच पाताळगंगेत पडत होतं.

इथवर ही हिकमतीची आणि धाडसाची कथा आहे आणि ती तशी आहे हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. पारतंत्र्यातल्या देशात इथल्या भांडवलावर उभं राहिलेलं हे काम होतं. पण ती तीन तळी कशासाठी बांधली, इथे मला थांबावंसं वाटतं.

घाटमाथ्यावर पाऊस पडतो दीडशे इंचांच्या वर, पण तो जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरमध्ये जातो. गिरणी बारा महिने चालते. म्हणजे कडा कितीही उंच असला तरी आठ महिने त्यावरून पाडायला पाणी साठवून ठेवलेलं हवं. दहा मेगावॉट वीज रोज दहा तास, असे आठ महिने द्यायची तर खोपोलीसारख्या कड्यावर सुमारे दोन कोटी घनमीटर पाणी लागतं. कड्याला जागा लागत नाही. पाइपाला, वीजघरालाही थोडीच लागते. सगळी जागा लागते ती साठ्याला. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी साठेल अशी सपाट, भोवताली डोंगर असलेली, मातीने भरलेली जागा कुठली असते? जिथे माणसांनी शेकडो वर्षांपासून भात लावलेला असतो तीच. धरणाला जे खोरं चांगलं, शेतीलाही तेच चांगलं.

महायुद्धाने गिरण्यांची चांदी झाली. परदेशी कापड येणं कमी झालं, मागणी वाढली, आणि कोळसा मात्र महाग व दुर्मीळ. खोपोलीची वीज पुरेना. १९१६ मध्ये टाटांनी आंध्रा व्हॅली कंपनी काढली. तिचं धरण मावळातच ठोकरवाडीला आणि वीजघर कड्याखाली भिवपुरीला, ते १९२२ मध्ये सुरू झालं. आणि १९१९ मध्ये तिसरी कंपनी निघाली, टाटा पॉवर. तिची नजर लोणावळ्याच्या दक्षिणेला, मुळशीवर होती.

मुळशी पेटा म्हणजे पुण्याच्या पश्चिमेचं मावळ. नीला आणि मुळा या नद्यांचं खोरं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये खाचरं, आणि खाचरांत आंबेमोहोर. भात शिजत असताना शेजारच्या घरी कळावं असा ज्याचा वास, तो तांदूळ. शिवकाळात ज्या मावळ्यांच्या जोरावर राज्य उभं राहिलं त्यांचा हा मुलूख, आणि ही आठवण इथल्या माणसांना पुस्तकातून झालेली नव्हती, ती घराण्यांतून चालत आलेली होती. धरण झालं तर पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती किंवा त्यांच्या जमिनी जाणार होत्या. माणसं दहा हजारांच्या घरात.

कंपनीच्या माणसांनी लोकांच्या शेतांत न विचारता चाचणीचे चर खणायला सुरुवात केली, तेव्हा मावळ्यांना आपल्यावर काय येऊ घातलंय ते कळलं. हाताशी कायदा होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक हेतूसाठी सरकार कुणाचीही जमीन घेऊ शकत होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवून नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीसाठी हा कायदा लावला गेला. सार्वजनिक हेतू म्हणजे कुणाचा हेतू, हा प्रश्न मुळशीच्या शेतकऱ्याने १९२१ मध्ये विचारला. आज शंभर वर्षांनंतरही भूसंपादनाच्या प्रत्येक वादाच्या मुळाशी तोच प्रश्न आहे.

मावळ्यांच्या अडचणीला आणखी एक पदर होता. कर्जापायी बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे गेलेली होती. कसणारा एक, कागदावरचा मालक दुसरा. नुकसानभरपाई मिळणार ती कागदावरच्या नावाला. त्यामुळे पुण्यातला एक वर्ग चांगला भाव मिळावा म्हणून बोलत होता, आणि खोऱ्यातला माणूस जमीनच सोडायची नाही म्हणत होता. दोघांनाही मुळशीचे हितचिंतक म्हणवून घेता येत होतं, पण त्यांच्या मागण्या एकमेकींच्या आड येत होत्या. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. त्या पुस्तकात ही फूट त्यांनी उलगडून दाखवली आहे. शेवटी लढा का हरला याचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

या लढ्याला पुढारी लाभला तो पांडुरंग महादेव बापट. १८८० साली पारनेरला जन्म, डेक्कन कॉलेजात शिक्षण, मग शिष्यवृत्तीवर एडिंबरोला. तिथून इंजिनिअर होऊन येण्याऐवजी हे गृहस्थ बाँब बनवण्याची विद्या घेऊन परतले. काही वर्षं भूमिगत राहिले, मग पारनेरला येऊन गावचे रस्ते झाडू लागले, मुंबईत झाडूकामगारांमध्ये वावरले. देशासाठी मरणं आणि गावची घाण काढणं यांत त्यांना उच्चनीच वाटत नव्हतं. मुळशीत त्यांच्यासोबत विनायकराव भुस्कुटे होते. त्यांनी पुढे या लढ्याचा वृत्तांतही लिहून ठेवला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर गेले आणि बसले. बायका होत्या, मुलं होती. असहकाराचे दिवस होते, लोकमान्य जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि पुणे जिल्ह्याला गांधींचा नवा मार्ग अजून परका होता. तरीही या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी तो मार्ग जसाच्या तसा उचलला. हात उगारायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. कामगारांनी पहार टाकायची कुठे? काम थांबलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना विनवलं, की कायदेशीर हक्कावर अडून न बसता त्यांनी या लोकांशीच बोलावं. काही दिवसांनी सहा महिन्यांसाठी काम थांबवण्याचा तह झाला.

मुळशीने हा विजय मानला. पण ती सवड होती. १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही. या खेपेला सरकार तयारीत होतं. धरपकड, खटले, शिक्षा. बापट तुरुंगात, भुस्कुटे तुरुंगात, मावळे तुरुंगात. पावसाळ्यात लावणीला कोण, असा प्रश्न घराघरात उभा राहिला. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रह्याचं कौतुक पुण्याच्या सभांत होत होतं, पण त्याचं खाचर रिकामं पडत होतं. देशात असहकार ओसरला तसा काँग्रेसचा पाठिंबाही आटत गेला. एकेका कुटुंबाने मोबदला घेतला, कुणी मन मारून घेतला, कुणाला घेण्यासारखं कागदावर काहीच नव्हतं. आणि या सगळ्या काळात भिंत चढतच होती. सत्याग्रहाला लोकांचं मन वळायची वाट पाहावी लागते. धरणाचं तसं नसतं, ते रोज थोडं उंच होतं.

१९२४ च्या अखेरीस बापटांनी अहिंसेची मर्यादा सोडली. चार-दोन साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामगारांची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली, हातात शस्त्र घेतलं. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली, आणि ती नावाला अशी चिकटली की आज त्यांचं पाळण्यातलं नाव पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईत त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. गिरण्यांच्याच भागातला.

गिरण्यांतले कामगार तरी कोण होते? कोकणातून, घाटावरून, मावळातून शेती पुरेना म्हणून आलेली माणसं. मुळशीत जमीन राखायला बसलेला मावळा आणि परळला विजेवरच्या मागापुढे उभा असलेला कामगार यांच्यात फार तर एका पिढीचं किंवा एका दुष्काळाचं अंतर होतं. मुंबईची भाकर आणि मुळशीचा भात असा झगडा त्या वेळी रंगवला गेला. ज्यांच्या नावाने तो रंगवला ते दोघे एकमेकांचे भाऊबंद निघाले असते.

१९२७ मध्ये मुळशीचं काम पुरं झालं. नीला-मुळेचं पाणी डोंगराच्या पोटातून कड्यापर्यंत आणलं गेलं आणि पाचशे मीटरच्या आसपास खाली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, भिऱ्याच्या वीजघरात पडलं. आज तिथे पंचवीस-पंचवीस मेगावॉटची सहा यंत्रं आहेत, मिळून दीडशे. भिऱ्याहून तारा निघाल्या त्या थेट मुंबईकडे. तोवर मुंबईत विजेचं काम गिरण्यांपुरतं राहिलं नव्हतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची पहिली लोकल धावली होती. घरांत दिवे, रस्त्यांवर दिवे, ट्रामगाड्या. कोळशाशिवाय चालणारं महानगर म्हणजे काय ते मुंबई पाहू लागली होती. धरणाच्या काठावर डोंगरउतारावर सरकलेल्या वस्त्यांत संध्याकाळी रॉकेलची चिमणी लागायची.

पुढे काय झालं ते थोडक्यात. गिरण्या गेल्या. ज्या मागांसाठी हे सगळं झालं ते माग १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबले आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. वीजघरं मात्र चालू आहेत. खोपोली, भिवपुरी, भिरा, तिन्ही. पाण्याच्या विजेचा एक गुण असा की तोटी उघडली की काही मिनिटांत चाक पूर्ण भारावर येतं. औष्णिक केंद्राला त्यासाठी तासन् तास लागतात. संध्याकाळी मुंबईची मागणी एकदम चढते तेव्हा हे घाटातलं पाणी कामी येतं. गेल्या शतकाच्या शेवटी भिऱ्याला आणखी दीडशे मेगावॉटचं एक यंत्र बसलं. ते उलटंही फिरतं. रात्री वीज शिल्लक असते तेव्हा ते खालचं पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावात चढवून ठेवतं, दुसऱ्या दिवशी पाडण्यासाठी.

आणि पाण्याचा हिशोब अजून संपलेला नाही. पश्चिमेला पडलेलं पाणी पूर्वेला कमी होतं. पुण्याची तहान वाढली, भीमेच्या खोऱ्यात ऊस वाढला, सोलापूरकडे दुष्काळ येत राहिला, आणि घाटावरच्या या तळ्यांचं पाणी वीज करून कोकणात सोडण्याऐवजी भीमेच्या खोऱ्यात द्यावं अशी मागणी पुन्हा पुन्हा होत आली. तिकडे खाली शंभर वर्षांत दुसराच संसार उभा राहिला आहे. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यातली शहरं ते पितात. खोपोलीच्या पाण्यावर पाताळगंगेच्या काठचे कारखाने आले. भिऱ्याहून सुटलेलं पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडवून रोहा-माणगावकडे कालव्यांनी जातं आणि उन्हाळ्यातही तिथे भात उभा असतो. कोकणातल्या त्या शेतकऱ्याला उद्या कुणी म्हटलं की हे पाणी मुळात तुमचं नाही, तर त्याचंही उत्तर मुळशीच्या मावळ्यासारखंच असेल.

एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या नद्यांचे नुसते गोटे उरतात, तेव्हा कोलाडजवळ सकाळी कुंडलिकेच्या काठावर रबरी होड्या घेऊन माणसं थांबलेली असतात. मुंबई-पुण्याहून आलेली तरुण मुलं अंगात जाकिटं, डोक्यावर हेल्मेट घालून काठावर बसून असतात. नावाडी पात्राकडे बघत असतो. भिऱ्याला यंत्र सुरू झालेलं असतं, पाणी इथवर यायला वेळ लागतो. मग दगडांमधल्या डबक्याला हालचाल येते, एक ओली रेघ दगडावर चढते, पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता सगळं पात्र फेसाळत भरतं. नावाडी हात करतो, मुलं ओरडत होड्यांत बसतात. पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. गेल्या पावसात ते ताम्हिणीच्या पलीकडे, नीला-मुळेच्या खोऱ्यात पडलेलं होतं.